बदनाम सिनेमे पाहायला शिकायचं असेल तर

‘वाईट’ म्हणून गाजलेला एखादा सिनेमा लावायचा, चार मित्र जमवायचे आणि पडद्यावर जे दिसेल त्यावर शेरे मारायचे, अशी बहुतेकांची सुरुवात होते. पहिला अर्धा तास धमाल येते. मग शेरे तेच ते व्हायला लागतात, कुणीतरी मोबाइल काढतं आणि सिनेमा मागे नुसता चालू राहतो. संपल्यावर त्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडेच काही नसतं, कारण तो कुणी पाहिलेलाच नसतो.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात आणि ते नीट पाहिले जावेत असं वाटतं. हा लेख ज्यांना कुतूहल आहे पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही त्यांच्यासाठी आहे. माझं सांगणं एवढंच, की बदनाम सिनेमाला चांगल्या सिनेमाइतकं, खरं तर थोडं जास्तच, लक्ष द्यावं लागतं. चांगला सिनेमा प्रेक्षकाचं बोट धरून नेतो. इथे काय पाहायचं ते आपलं आपल्याला शोधावं लागतं, आणि मजा त्या शोधण्यातच आहे.

आधी बदनामी कशाची आहे ते बघा

सिनेमा लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं यासाठी काढा. ‘वाईट’ हा शिक्का फार वेगवेगळ्या कारणांनी बसतो आणि कारण कळलं की पाहण्याची पद्धत बदलते.

काही सिनेमे केवळ पैशांमुळे बदनाम झाले. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (1959) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. तो पडला आणि त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही. राज कपूरचा ‘मेरा नाम जोकर’ (1970) चार तासांच्या पुढे जाणारा, दोन मध्यंतरांचा. तोही आपटला. आज या दोन्ही सिनेमांना कुणी वाईट म्हणत नाही. पण 1993च्या ‘रूप की रानी चोरों का राजा’ला तेवढं नशीब लाभलं नाही. अनिल कपूर, श्रीदेवी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, जावेद अख्तर यांचं लेखन, सतीश कौशिक यांचं दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल, वर्षानुवर्षं चाललेलं चित्रीकरण आणि त्या काळात डोळे पांढरे करणारा खर्च. तो बुडाला आणि त्याचं नावच बुडण्याशी जोडलं गेलं. आता तिकिटाचे पैसे आणि निर्मात्याचं कर्ज बाजूला ठेवून त्यातला धावत्या रेल्वेगाडीवरचा दरोडा बघा. तो काळजीपूर्वक, हौसेनं उभा केलेला आहे. असे सिनेमे नवख्या माणसासाठी सोपे, कारण त्यांत पैसा आणि कसब दोन्ही डोळ्यांना दिसतं.

दुसरी बदनामी प्रेक्षकांवरून येते, आणि ती मला सर्वांत अन्यायाची वाटते. ‘माहेरची साडी’ (1991) हे नाव शहरी घरांत आजही चेष्टेत घेतलं जातं. रडपट, रुमाल घेऊन जायचा सिनेमा, वगैरे. विजय कोंडके यांचा हा चित्रपट ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून बेतलेला होता आणि महाराष्ट्रभर बायकांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. त्यावर हसण्याआधी एकदा सलग बघा. अलका कुबल यांची लक्ष्मी, विक्रम गोखले यांनी केलेला कठोर बाप आणि उषा नाडकर्णींची सासू. प्रत्येक प्रसंग कुठल्या तरी बाईच्या घरात घडलेला आहे आणि तो तिला थिएटरात, शंभर अनोळखी बायकांबरोबर बसून, उघडपणे रडत पाहायला मिळत होता. हे ध्यानात ठेवून पाहिलं की लांबलेली दृश्यं लांबलेली वाटत नाहीत. रडायला वेळ हवा म्हणून ती तशी ठेवली आहेत.

दादा कोंडके यांचंही तसंच. नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद, आणि तरी सुशिक्षित घरांत नाव काढायची चोरी. द्व्यर्थी संवादांवरचा आक्षेप खोटा नाही. पण ती भाषा वगनाट्यातल्या सोंगाड्याची आहे. कोंडके स्वतः वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून गाजले आणि ‘सोंगाड्या’ (1971) हा त्यांनी काढलेला सिनेमाही सबनीसांनीच लिहिलेला. त्यांचे सिनेमे कानांनी बघा. वाक्य कुठे तोडलंय, समोरच्याच्या शब्दाला किती चटकन उत्तर येतं, भोळेपणाचा आव कुठे सुटतो आणि पुन्हा कधी चढतो, याकडे लक्ष ठेवा. कॅमेरा बहुतेक वेळा समोर शांत उभा असतो, कारण खेळ बोलण्याचा आहे.

तिसरा प्रकार खरोखर फसलेल्या सिनेमांचा. मोठं काही करायला गेले आणि जमलं नाही. माझं सर्वांत जास्त प्रेम यांच्यावर आहे. चौथा प्रकार ज्यांत खरोखर घाण आहे त्यांचा. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

पहिला सिनेमा: ‘पुराना मंदिर’

सुरुवात कशानं करू असं कुणी विचारलं तर मी दर वेळी हेच नाव सांगतो. 1984चा रामसे बंधूंचा भयपट. याला प्रौढांसाठीचा सिनेमा समजा, मुलांना घेऊन बसू नका.

आधी रामसेंची गोष्ट माहीत करून घ्या, कारण ती माहीत असेल तर प्रत्येक फ्रेम वेगळी दिसते. वडील फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे, तिथं त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढे सिनेमे काढू लागले. 1970मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला, तो पडला. पण मुलांनी एक गोष्ट टिपली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात त्या प्रसंगाला थिएटरात किंकाळ्या उठत होत्या. त्या एका निरीक्षणावर पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. 1972च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं. सात भाऊ आणि कामं वाटून घेतलेली: कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीला आणि दिग्दर्शन तुलसी व श्याम यांच्याकडे. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक बघायच्या.

एवढं डोक्यात ठेवून सिनेमा लावा. गोष्ट साधी आहे. सामरी नावाच्या सैतानाला राजानं मारलं, धड आणि शिर वेगळं ठेवलं आणि मरता मरता त्यानं शाप दिला की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढच्या काळातली मुलगी, तिचा प्रियकर, जुनी हवेली आणि कुलूपबंद पेटी. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर. शिवाय आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी रंगवून हादरवून सोडणारे सदाशिव अमरापूरकर इथंही आहेत, आणि ललिता पवारही. आपल्या रंगभूमीवरून आलेला नट अशा सिनेमात काय करतो, आवाज कसा वापरतो, हे मराठी प्रेक्षकाला चांगलं पकडता येतं.

आता पाहायच्या गोष्टी. एक, प्रकाश. लाल, हिरवा, निळा, आणि तो खोलीत कुठून येतो याला काही कारण नाही. कारण शोधू नका, रंग बदलल्यावर आपल्याला काय वाटतं ते बघा. दोन, सामरीचा चेहरा. अनिरुद्ध अग्रवाल रूडकीला इंजिनिअरिंग शिकलेले, धिप्पाड आणि मुळातच वेगळ्या चेहऱ्याचे. रामसेंनी हा चेहरा मुखवट्याखाली झाकला नाही, मेकअप अगदी बेतानं केला. म्हणून सामरीचे डोळे दिसतात आणि भीती तिथून येते. तीन, मधला विनोदी भाग. जगदीप यांचा ‘शोले’च्या विडंबनाचा सगळा ट्रॅक मूळ गोष्टीशी संबंध नसलेला आहे आणि नव्या प्रेक्षकाला तो खटकतो. पण भयपट पाहायला आलेल्या माणसाला तिकिटाच्या पैशांत हसणं, गाणी, मारामारी, भीती असं सगळं मिळायला हवं हा तेव्हाचा हिशेब होता. तो भाग पुढे ढकलू नका. त्यानंतर येणारी शांतता जास्त परिणाम करते, हे अनुभवून बघा.

नट्यांना कॅमेरा ज्या नजरेनं पाहतो ती नजर त्या काळच्या पोस्टरविक्रीची आहे. ती खटकली तर खटकू द्या.

बसायचं कसं

तीन किंवा चार माणसं पुरेत. त्यांतलं एक तरी असं असावं ज्याला भयपट, नागपट, जे काही लावलंय ते मुळातच आवडतं. सगळे चेष्टेखोर जमले की काम बिघडतं. पहिली तीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, हा नियम आधीच सांगून टाका. त्या अर्ध्या तासात सिनेमाचा वेग, त्याची बोलण्याची ढब अंगवळणी पडते. पुढे हसू आलं तर खुशाल हसा. ते हसू सिनेमानं आणलेलं असतं.

दिवे मालवा. मध्यंतराची पाटी आली की खरंच थांबा, चहा करा, बाहेर एक फेरी मारा. हे सिनेमे मध्यंतर धरूनच रचलेले असतात. त्याआधीचा धक्का आणि त्यानंतरचा संथ भाग दोन्ही तेव्हाच नीट लागतात.

प्रतीबद्दल एक महत्त्वाचं. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, कडा कापलेली प्रत बघून ‘किती वाईट कॅमेरा’ असं म्हणू नका. टीव्हीवर दाखवायला कापलेल्या प्रतींत तर अख्खे प्रसंग गायब असतात आणि गोष्ट तुटक वाटते. दोन-तीन ठिकाणी एकाच सिनेमाची लांबी ताडून बघा आणि जी मोठी व स्वच्छ असेल ती घ्या. सेन्सॉरनं कापल्यामुळेही भयपटांत अचानक उड्या येतात. खून होणार इतक्यात दृश्य बदललं, तर संकलकाला नावं ठेवण्याआधी हे आठवा.

चूक दिसली की तिच्यामागचं कारण शोधा

मला यात सर्वांत जास्त रस आहे, म्हणून इथं थोडा रेंगाळतो.

नायक दूर डोंगरावर उभा आहे आणि त्याचा आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा येतो. पूर्वी हिंदी सिनेमे बहुतांश नंतर डबिंग करून पुरे होत. कॅमेऱ्याचा आवाज मोठा, बाहेरच्या जागी गर्दी, त्यामुळे संवाद स्टुडिओत बसून पुन्हा बोलले जात. जागेवरचा आवाज धरण्याची पद्धत ‘लगान’च्या (2001) सुमारास मोठ्या सिनेमांत रुजू लागली. हे कळलं की तुम्ही पावलांचे आवाज, दाराची करकर, ठोशांचे आवाज वेगळे ऐकू लागता, कारण त्यांतला प्रत्येक कुणीतरी हातानं तयार केलेला आहे.

एकच हवेली चार सिनेमांत दिसते. मुरुडच्या नवाबांचा राजवाडा रामसेंच्या पडद्यावर आला तो सेट बांधायला पैसे नव्हते म्हणून, आणि त्या खऱ्या भिंतींमुळे सिनेमाला जे वजन आलं ते सेटनं आलं नसतं. नव्वदच्या दशकातल्या मिथुन चक्रवर्तींच्या कितीतरी सिनेमांत तीच उटीची झाडं आणि तेच वळणाचे रस्ते येतात. मिथुन तिकडे राहायला गेले, त्यांचं हॉटेल तिथं होतं, युनिट तिथंच उतरायचं आणि कमी खर्चात झटपट सिनेमा पुरा व्हायचा. छोट्या गावांतल्या एकपडदा थिएटरांना दर काही आठवड्यांनी नवा मिथुन मिळत राहिला.

परदेशातलं एक उदाहरण द्यायलाच हवं. एड वुड या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस’ 1980मध्ये एका पुस्तकात आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवला गेला आणि त्यामुळेच जगभर पाहिला गेला. त्यातलं एक पात्र सारखं अंगरख्यानं तोंड झाकून फिरतं. बेला लुगोसी हा ड्रॅक्युला म्हणून गाजलेला नट 1956मध्ये वारला. त्याची थोडी दृश्यं वुडकडे होती. ती टाकून द्यायला त्याचं मन धजलं नाही. मग वुडच्या बायकोवर उपचार करणाऱ्या एका हाडवैद्याला उभं केलं. तो लुगोसीसारखा दिसत नव्हता, म्हणून तोंड झाकलं. हे कळल्यावर मला त्या दृश्यांवर हसवत नाही. आपल्या आवडत्या नटाला शेवटच्या सिनेमात ठेवण्याची ती धडपड आहे.

पुढची पायरी: जोडीनं बघा

‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’ (2002) हा फसलेल्या सिनेमांचा राजा. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अर्शद वारसी, आफताब शिवदासानी, एवढंच काय, गायक सोनू निगमसुद्धा. इच्छाधारी नाग एकेकाला गाठून सूड घेतो. एकटा पाहिला तर डोकं गरगरतं. म्हणून आधी ‘नागिन’ (1976) बघा. दिग्दर्शक तेच, राजकुमार कोहली. तिथं रीना रॉयची नागीण तिच्या जोडीदाराला मारणाऱ्या मित्रांचा सूड घेते, आणि तिथंही ताऱ्यांची रांग आहे. तो सिनेमा धो धो चालला होता.

लागोपाठ दोन रात्री हे दोन सिनेमे पाहिलेत तर लक्षात येईल की 2002मध्ये कोहली स्वतःचीच यशस्वी गोष्ट उलटी करून, आपल्या मुलाला, अरमान कोहलीला, नागाच्या भूमिकेत घेऊन सांगत होते. मधल्या काळात ‘टर्मिनेटर 2’ आणि ‘मॅट्रिक्स’ येऊन गेले होते. म्हणून नाग धातूसारखा वितळतो, गोळ्या चुकवतो. जुनी लोककथा आणि नवा संगणक यांची सांगड घालायची इच्छा खरी होती, पण तंत्र तिथवर पोचलं नव्हतं. पडद्यावर नेमकं कुठे जुनं संपून नवं सुरू होतं ते शोधत बसा, तीन तास कसे जातात कळत नाही.

कधी बंद करायचं

प्रत्येक पडलेला सिनेमा पाहण्याजोगा नसतो. सर्वांत निरुपयोगी म्हणजे आळशी सिनेमा, ज्यात कुणालाच काही करून दाखवायचं नव्हतं. चाळीस मिनिटांत एकही दृश्य आठवत नसेल तर बंद करा. इथं चिकाटीला बक्षीस नाही. ‘राम गोपाल वर्मा की आग’ (2007) नवख्यांनी सुरुवातीला टाळावा असं मी सांगेन. ‘शोले’ पुन्हा करण्याचं धाडस त्यात आहे, पण तो इतका काळवंडलेला आणि जड आहे की पाहणारा थकतो. या सिनेमांची सवय झाल्यावर, अमिताभनी बब्बनसाठी, म्हणजे यातल्या गब्बरसाठी, काय वेगळं केलं एवढंच बघायला लावा.

आणि ‘गुंडा’ (1998). हॉस्टेलांमधून वर आलेला हा कांती शहांचा सिनेमा बदनाम सिनेमांच्या चाहत्यांत फार मोठा मानला जातो. खलनायक यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात, आणि तमाशातल्या बोलीची सवय असलेल्या कानाला त्या लयीत काहीतरी ओळखीचं सापडतं. मुकेश ऋषी यांनी बुल्ला हा मुख्य खलनायक झोकून देऊन केला आहे. पण या सिनेमात बायकांवरचे अत्याचार करमणुकीसारखे मांडले आहेत. तिथं हसू येत नसेल तर तुम्ही काही कमी रसिक ठरत नाही. ती दृश्यं पुढे ढकला किंवा सिनेमाच सोडून द्या. कुणाला आग्रह करू नका, आणि सोबत बसलेल्यांना आधी कल्पना द्या. मी हा सिनेमा पहिल्या दहांत कुणाला सुचवत नाही.

नावांचा माग काढा

पाहून झालं की लगेच तीन गोष्टी लिहून ठेवा: मनापासून आवडलेलं एक दृश्य, न कळलेली एक गोष्ट आणि श्रेयनामावलीतलं एक नाव. न कळलेल्या गोष्टीचं उत्तर पुष्कळदा निर्मितीच्या हकिकतीत सापडतं. आणि नावावरून पुढचा सिनेमा ठरतो. हे चौकशी करून यादी बनवण्यापेक्षा खूप चांगलं जमतं.

‘पुराना मंदिर’नंतर अनिरुद्ध अग्रवाल यांचा धागा धरा. नामावलीत ते अजय अग्रवाल म्हणून दिसतील, गोंधळू नका. रामसेंच्याच ‘बंद दरवाजा’त (1990) ते पुन्हा सैतान आहेत, वेशभूषा आणि चाल पार बदललेली. त्यानंतर शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ (1994) लावा आणि बाबू गुज्जर हा डाकू पडद्यावर आला की नीट बघा. तो चेहरा तुमच्या ओळखीचा असेल, आणि मेकअप नसताना तो किती जास्त घाबरवतो हे त्या रात्री कळेल.